अर्पणाची प्रार्थना आणि द्राक्षाचा हंगाम

कामाच्या धबडग्यात प्रार्थनेला निवांतपणा उरत नाही आणि म्हणून श्रद्धा रविवारपुरतीच राहते, हा आपल्या गटातील चर्चेत मांडलेला मुद्दा मला अर्धाच पटतो. वेळ मिळत नाही हे खरे; परंतु काम आणि उपासना यांची अशी फारकत मिस्साविधीत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य सामूहिक उपासनेत, मुळीच नाही. 1970 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित रोमन मिस्साग्रंथात अर्पणाच्या वेळची (भाकर व द्राक्षारस देवाला अर्पण करतानाची) जी प्रार्थना आहे, तिच्यात भाकर हे जमिनीचे आणि द्राक्षारस हे वेलीचे फळ म्हटले आहे, आणि त्याच वाक्यात दोन्हींना माणसाच्या हातांचे कामही म्हटले आहे. चर्चच्या कायद्यानुसार तो रसही द्राक्षाचाच लागतो.

नाशिकमध्ये हे वाक्य कानांवरून नुसते जात नाही. आमच्या धर्मग्रामातील (चर्चच्या स्थानिक समाजातील) काही स्त्रिया दिंडोरीकडच्या बागांत विरळणीला जातात. बारीक कात्रीने घडातले दाटीचे मणी एकेक करून काढताना दिवसभर हात वर धरावे लागतात आणि खांदे असे भरून येतात की रात्रीची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) बसूनच, तीही पेंगत म्हटली जाते. त्यांपैकी एकीने मला सांगितले की अर्पणाच्या वेळी तिच्या डोळ्यांपुढे हटकून घडच येतात. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या देवस्थानाची यात्रा फेब्रुवारीत, म्हणजे ऐन काढणीत येते, आणि अवकाळीतून बाग वाचल्याचे आभार मानायला (एक दिवसाची मजुरी बुडवून!) येणारेही तिथे भेटतात. वसईकडच्या ख्रिस्ती समाजात शेतीच्या हंगामाशी सणांचा असा मेळ बसतो का, हे तिकडच्या सभासदांनी अवश्य लिहावे.