मोआरे नुसता दोष नाही

मोआरे म्हणजे दोन नियमित नक्ष्या एकमेकींवर आल्या की छपाईत उठणारी नकोशी जाळी, असं सहसा म्हणतात आणि ते बरोबरच आहे. म्हणून तर काळा, सायन (निळसर) आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) या शायांच्या स्क्रीन, म्हणजे चित्र घडवणाऱ्या ठिपक्यांच्या रांगा, एकमेकींपासून ३० अंशांवर फिरवून लावतात. पिवळा फिकट, त्याला १५ अंश चालून जातात. पण हीच जाळी मोजमापाला फार कामाची आहे. दोन पारदर्शक कागदांवर १ मिमी अंतराने रेघा छापा, एकावर एक ठेवा आणि वरचा फक्त १ अंश फिरवा. सुमारे ५७ मिमी अंतरावर ठळक पट्टे दिसतील! अर्धाच अंश फिरवलात तर अंतर दुप्पट. नजरेला न जाणवणारी हालचाल अशी मोठी होऊन दिसते, म्हणून धातू ताणाखाली किती ताणला गेला हे मोआरेने मोजतात. २०१८ मध्ये ग्राफीनचे (कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या पत्र्याचे) दोन थर एकमेकांवर सुमारे १.१ अंशाने फिरवून अतिवाहकता, म्हणजे विरोधाशिवाय वीज वाहणं, मिळवली, तीही या जाळीच्याच जोरावर.