मदत हवी आहे: कळलावी वाचवायची आहे (बोरिवली)

नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीच्या मागच्या टेकाडावर कळलावी फुललीये, चार-पाच वेल आहेत, आणि दिवाळीनंतर तिथे जेसीबी लागणारे. पाकळ्या वर वळलेल्या, खाली पिवळ्या नि टोकाला लाल, पानाच्या टोकाचाच तणावा होऊन शेजारच्या रानमोडीच्या झुडपाला घट्ट वेटोळे घातलेत, रोज सकाळी जाऊन बघते आणि जीव तुटतो.

कंद आत्ता फुलांवर असताना काढू की वेल पूर्ण वाळल्यावर? मला वाटतं वाळल्यावरच बरं, पण मग जागा सापडायला खुणेचे दगड ठेवावे लागतील. कंद नांगरासारखा दोन फाट्यांचा असतो, कोंबाचं टोक मोडलं तर फुकट जातो म्हणे, कोणी स्वतः काढलाय का? विषारी असतो हे माहितीये, कोल्चिसिन नावाचं विष असतं, ग्लोव्हज घालूनच काढेन, आणि सोसायटीत लहान मुलं आहेत म्हणून कुंडी गच्चीवरच ठेवेन.

दुसरं, एक फांदी पेपरात दाबून ठेवली तर या दमट हवेत तिसऱ्याच दिवशी बुरशी. पेपर रोज बदलतेय. पावसाळ्यात नमुना कसा वाळवता तुम्ही? नीट जमला तर सेंट झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) विचारायचंय, तिथे कोणाला भेटायचं? प्लीज सांगा.