जनुक तेच, जागं कुणी केलं?

एमएमटीव्ही या उंदरांच्या विषाणूकडे स्वतःचं कॅन्सर-जनुक नाही, मग त्यांच्या स्तनात गाठ होते कशी? सगळी गोम जागेत आहे. हा रेट्रोव्हायरस, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणारा विषाणू, आपली डीएनए प्रत पेशीच्या गुणसूत्रात कुठेही खुपसतो. बहुतेकदा काही बिघडत नाही. एखादी प्रत मात्र नको त्या जनुकाशेजारी जाऊन बसते. १९८२मध्ये नुसे आणि व्हार्मस या संशोधकांना वेगवेगळ्या गाठींत ती एकाच जनुकाच्या आसपास सापडली: इंट-१, म्हणजे आजचं डब्ल्यूएनटी-१. प्रौढ स्तनग्रंथीत हे एरवी झोपलेलं असतं. त्याचं प्रथिन इथे सहसा जसंच्या तसं राहतं, बिघडतो तो फक्त त्याचा आवाज, म्हणजे ते किती बनतं ते. विषाणूच्या टोकाकडचा एन्हान्सर (आसपासच्या जनुकांचं काम वाढवणारा डीएनएचा तुकडा) शेजारच्या मांडवातल्या भोंग्यासारखा त्याची झोप मोडतो, तेही बहुधा प्रतीचं तोंड जनुकाकडे नसून पलीकडे असताना! शिवाय हा भोंगा स्टेरॉइड संप्रेरकांनी चढतो, म्हणून स्तनग्रंथीतच त्याचं फावतं.

‘विषाणू जनुक तोडतो’ असंही म्हटलं जातं, तेही अगदीच चूक नाही. नॉच-४ या दुसऱ्या जनुकाच्या बाबतीत प्रत जनुकाच्या आतच घुसते आणि उरलेलं अर्धवट प्रथिन इशाऱ्याची वाट न पाहता कायम चालू राहतं.