मदत हवी आहे: सुनामीचं मॉडेल, लाट किनाऱ्यावर चढतच नाहीये

सिडकोकरीण: मुलीचं विज्ञान प्रदर्शन परवा आहे, २६ डिसेंबर २००४ची सुमात्राची सुनामी दाखवायचीय, टँक तयार आहे, तळाची पट्टी उचलली की भूकंप असं केलंय पण नुसतं पाणी डचमळतं आणि परत येतं. प्लीज लवकर सांगा.

गोदाकाठ: टँक केवढा? पाणी किती? पट्टी उचलता कशी?

जुना_भिडू: माशांच्या टाकीची मोटर लावा, माझ्या पोराने धबधबा केला होता, पहिला नंबर आला.

गोदाकाठ: मोटर नको हो. सुनामी वरवरची लाट नसते, तळ उचलला की वरचं अख्खं पाणी उचललं जातं. २००४ला समुद्रतळाखालचा जवळपास १३०० किमी लांबीचा पट्टा फाटला होता.

जुना_भिडू: पहिला नंबर म्हणतोय ना.

द्राक्षवाला: गंगापूर धरणात सुनामी येऊ शकते का?

फक्त_वाचक: आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर वर, निवांत झोपा. मुंबईला मात्र १९४५ला मकरानच्या (पाकिस्तान-इराणचा किनारा) भूकंपाच्या लाटा आल्या होत्या.

सिडकोकरीण: मॉडेलचं बोला ना कुणीतरी!! माशांचाच टँक आहे, २ फूट, पाणी १० सेंमी, पट्टी दोऱ्याने ओढतो, किनारा थर्माकोलचा उभा चिकटवलाय.

गोदाकाठ: आता कळलं. दोऱ्याने ओढली की पट्टीखाली पाणी शिरतं, वर काहीच ढकललं जात नाही. सलाइनची रिकामी पिशवी तळाला चिकटवा, नळी बाहेर काढून जोरात फुंका. आणि सुनामीचा वेग खोलीवर असतो, १० सेंमी पाण्यात सेकंदाला साधारण १ मीटर, म्हणजे तुमचा समुद्र सेकंद व्हायच्या आत संपला, लाट भिंतीला आपटून माघारी. खऱ्या समुद्रात ४ किमी खोलीवर ताशी ७०० किमी, उंची मीटरभर असली तरी खूप, जहाजाला पत्ताही लागत नाही. उथळात पुढचं पाणी मंदावतं, मागचं त्याच्यावर चढतं. म्हणून किनारा उतरता हवा, एकदम सपाट उताराचा. टँक सोडा, ६ फुटी पत्र्याची पन्हाळ घ्या.

फक्त_वाचक: भूकंप मोठा म्हणजे सुनामी मोठी असं मात्र लिहू नका चार्टवर. एप्रिल २०१२ला सुमात्राजवळच ८.६चा झाला, जमीन आडवी सरकली, लाटा किरकोळ.

जुना_भिडू: एवढं कोण विचारतं पोरांना.

फक्त_वाचक: परीक्षक विचारतात. मी असतो परीक्षक.

सिडकोकरीण: पन्हाळ बघते. सलाइनची पिशवी मेडिकलवाला सुटी देईल का पण?