मदत हवी आहे : गोकायामात राहून वाशी कागद शिकण्याविषयी

जपानच्या तोयामा प्रांतातील गोकायामा येथे, १९९५ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या आइनोकुरा गावी, उभ्या उताराच्या गवती छपराखाली फेब्रुवारीत काही दिवस निवांत राहून वाशी, म्हणजे हाताने बनवलेला जपानी कागद, तयार करायला शिकण्याचा आईचा व माझा बेत आहे. पर्यटकांसाठीच्या छोट्या कार्यशाळांची चौकशी झाली. पण तिथे तयार लगद्यातून पोस्टकार्डाएवढा कागद उचलण्यापलीकडे फारसे काही नसते. आम्हाला कोझो या तुतीच्या कुळातील झुडपाची साल सोलणे, ती बर्फावर पसरून उजळवणे, तोरोरोआओई या वनस्पतीच्या मुळांचा बुळबुळीत रस पाण्यात मिसळणे, हे सारे पाहायचे व जमल्यास करायचे आहे.

शिन-ताकाओकापर्यंत रेल्वे व पुढे बस असे ठरले आहे. बर्फात गाडी चालवणार नाही. खरी अडचण जेवणाची आहे. आई पूर्ण शाकाहारी आहे. एका मिन्शुकूला, म्हणजे घरगुती अतिथीगृहाला, जपानीत पत्र पाठवले, तेव्हा भाज्या देण्याची तयारी त्यांनी दाखवली. मात्र मिसो सूपमधील माशाच्या दाशीविषयी, म्हणजे सूपच्या मूळ अर्काविषयी, उत्तर आले नाही.

कोंबू (समुद्री शेवाळ) व सुक्या शिताके अळंबीची दाशी करण्याची विनंती अशी घरे मान्य करतात का, की स्वतः स्वयंपाक करता येईल असे घर घ्यावे? आणि सालीपासूनचे काम पाहुण्यांना करू देणारे कारागीर तिथे कोणाच्या अनुभवात आहेत का?