प्रतिसाद : निफाड आधी गव्हाचं, मग द्राक्षांचं

नाशिक जिल्ह्यातल्या निफाडबद्दल कुणीतरी 'निफाड म्हणजे द्राक्षांचं गाव' असं लिहिलंय. आताचं म्हणाल तर खरं आहे, पण मूळ ओळख गव्हाची. काळी कसदार जमीन, कादवा-गोदावरीचं खोरं आणि हाडं गोठवणारी थंडी. पारा घसरला की बातम्यांत निफाड येतंच. द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा येतो, गहूवाला मात्र खूश, कारण थंडी टिकली तर फुटवे (बुंध्यातून निघणारे जादा कोंब) चांगले येतात आणि दाणा भरतो.

म्हणूनच 1932 साली इथे गहू संशोधन सुरू झालं. आज ते केंद्र राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे आहे. तांबेऱ्याला, म्हणजे गव्हावरच्या बुरशीच्या रोगाला, तोंड देणारे वाण काढणं हे त्यांचं मोठं काम. त्यांच्या एनआयएडब्ल्यू-301 या वाणातलं 'एनआय' म्हणजे निफाडच! त्याचं नाव त्र्यंबक, एनआयएडब्ल्यू-917 चं तपोवन. बन्सीत, म्हणजे रवा-शेवयांच्या कडक गव्हात, पंचवटी आणि गोदावरी. अख्खं नाशिक बियाण्याच्या पिशवीवर छापलंय म्हणा ना.

आणि हो, न्यायमूर्ती रानड्यांचा जन्मही निफाडचाच, 1842 चा. गव्हाशी त्याचा संबंध नाही, पण गावाचा विषय निघाला म्हणून सांगितलं.