बेळगावच्या सांबरा विमानतळाला नवीन टर्मिनल होतंय, पण मुंबईचं सकाळचं विमान काही मिळंना, असं का?

वडगावचा_विणकर:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचतोय, आज विचारतोच. मागच्या महिन्यात बाबांना घेऊन मुंबईला गेलो, परळला तपासणी होती. वय ७४, गुडघे गेलेले, स्लीपर बसमध्ये वरच्या बर्थवर चढवायचं म्हणजे दोघं लागतात, म्हणून म्हटलं होऊ दे खर्च, विमानानं जाऊ. तर सांबऱ्यातच पंचवीस मिनिटं आत बसवून ठेवलं. दार बंद, पट्टे बांधलेले, बाहेर लख्ख ऊन, रनवे मोकळा, विमानं उभी करायच्या अ‍ॅप्रनवर आमचं सोडून एक पण विमान नाही. पायलट सांगतोय की मुंबईकडनं वेळ मिळालेली नाही. आता सगळं मोकळं असताना अडवतंय कोण हेच मला कळेना. आणि एवढं थांबून वर गेलो तर मुंबईजवळ परत घिरट्या. खिडकीतनं तीच खाडी तीनदा दिसली, बाबा म्हणाले, "अरे हे पाणी मघाशी पण आलतं की."

उतरून परळला पोचेपर्यंत ओपीडी संपत आलेली, मुक्काम वाढला, लॉजचा खर्च डोक्यावर. इकडं १० मार्च २०२४ ला आपल्या नवीन टर्मिनलची पायाभरणी झाली तेव्हा सगळे खूश होते, मी पण होतो. पण टर्मिनल मोठं झालं म्हणून विमानं वाढतात का? सकाळी सात-आठला मुंबईत उतरून संध्याकाळी परत, असं साधं विमान आपल्याला का मिळत नाही? कुणाला आतलं माहीत असेल तर सांगा. (फलकावर बेळगाव का बेळगावी हा विषय इथं कुणी काढू नका ओ, त्याला दुसरे धागे आहेत.)

निपाणकर:
आमच्याकडनं कोल्हापूर जवळ पडतंय, आम्ही तिथल्या उजळाईवाडी विमानतळावर जातो. पण तिकडं पण रडगाणं तेच, वेळ सोयीची नाही. त्यामुळं एकट्या बेळगावावर अन्याय वगैरे काही नाही, सगळ्यांवर सारखाच आहे.

रॅम्पवाला:
विणकर भावा, मी अकरा वर्षं एका मोठ्या विमानतळावर ग्राउंड हँडलिंगला होतो, आता हिंडलग्याला घरी आहे, म्हणून जरा लांबड लावतो.

तुला सांबऱ्यानं अडवलंच नाही. रांग मुंबईची होती, तू तिच्यात सांबऱ्यात उभा होतास एवढंच. दिल्लीत विमानतळ प्राधिकरणाचं फ्लो मॅनेजमेंटचं केंद्र आहे, मुंबईत गर्दी होणार असं दिसलं की तिकडनं प्रत्येक विमानाला उडायची ठरावीक वेळ देतात, आम्ही त्याला सीटॉट म्हणायचो. वर जाऊन इंधन जाळत फिरण्यापेक्षा खाली इंजिन बंद करून थांबलेलं बरं असा हिशेब. तरी पण गर्दी उरलीच तर घिरट्या आहेतच. तुझ्या बाबांनी बरोब्बर ओळखलं, पाणी तेच होतं.

आता मुंबईचं दुखणं बघा. रनवे दोन आहेत खरे पण ते एकमेकांना कात्रीसारखे छेदतात. एकावर विमान उतरत असताना दुसरा मोकळा धरता येत नाही, म्हणजे चालतो एकच. त्या एकावर ८ डिसेंबर २०१८ ला चोवीस तासांत १,००७ उड्डाणं-उतरणं केलेली आहेत. ऐकायला भारी वाटतं, पण तेवढं ताणलं की जरा कुठं अडकलं तरी सगळं घसरतं, कुणी रनवेवरनं बाहेर पडायला पंधरा सेकंद जास्त लावले तर मागच्याला परत वर उचलावं लागतं, आणि तो उचलला की त्याला परत रांगेत घुसवायला अजून कुणाला तरी बाजूला काढायचं. शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये मंत्रालयानं सांगितलं की गर्दीच्या तासात ४६ ऐवजी ४४ च करा. तेव्हा विमानं ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालत होती, आणि ४० मिनिटांत साधारण १.७ किलोलिटर इंधन जातं असा त्यांचाच हिशेब होता. सतराशे लिटर! स्विफ्टच्या चाळीसभर टाक्या, नुसतं गोल फिरण्यात.

टर्मिनलचं म्हणशील तर ते माणसं थांबायची जागा. विमानं किती येणार हे रनवे, पार्किंगचे स्टँड, एटीसीची (विमानांना वाट देणाऱ्या कंट्रोलरांची) ड्युटी आणि समोरच्या गावातला स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची राखून ठेवलेली वेळ, ह्यावर ठरतं. ह्यातला सगळ्यात अरुंद जो, तेवढंच पाणी पुढं जाणार. आपला अरुंद भाग सांबऱ्यात नाही, मुंबईत आहे.

टिळकवाडी_ताई:
रॅम्पवाले दादांनी विमानाचं सांगितलं, मी तिकिटाच्या बाजूनं सांगते, तिकिटं काढायचंच काम आहे माझं.

बेळगावला आधी विमानं नव्हती असं नाही. १९४२ चा विमानतळ आहे आपला, दुसऱ्या महायुद्धात बांधलेला, उत्तर कर्नाटकातला सगळ्यात जुना. सप्टेंबर २०१७ मध्ये नवीन टर्मिनल झालं, हो हो, आत्ताचं ते पण 'नवीन'च होतं. आणि वर्ष पण झालं नाही तोवर २०१८ च्या मे मध्ये विमान कंपनीनं विमानं उचलून हुबळीला नेली. कारण काय, तर हुबळी उडानमध्ये (लहान गावं विमानानं जोडायची केंद्र सरकारची योजना) होती आणि आपण नव्हतो. उडानमध्ये एका तासाच्या प्रवासाला निम्म्या सीटा साधारण २,५०० रुपयांत द्यायच्या आणि तूट सरकार भरून देणार, मग कंपनी जिकडं पैसे मिळतात तिकडंच जाणार की. त्या महिन्यात माझ्या काउंटरवर लोक येऊन मलाच शिव्या घालत होते, जणू विमान मीच हुबळीला हाकत नेलंय. २०१९ ला उडानच्या तिसऱ्या फेरीत आपलं नाव आलं तेव्हा कुठं परत गावं जोडली गेली. पण त्यात पण मेख आहे, ती भरपाई तीन वर्षांची. तीन वर्षं संपली की कंपनी बघते स्वतःच्या जिवावर मार्ग चालतो का, नाही चालला की बंद. त्यामुळं आपल्याकडं मार्ग सुरू होतात, पेपरात फोटो येतात, आणि मग एक दिवस गुपचूप वेबसाइटवरनं गायब. गिऱ्हाईक विचारतं "मॅडम ते अमुक गावचं विमान?" मी काय सांगू.

अजून एक, लोक रागावतील पण बोलते. आपली अर्धी गिऱ्हाइकं स्वतःच गोव्याला पळतात. पाचशे-हजार वाचले की चोर्ला घाट उतरतात. मग इथलं विमान रिकामं जातं आणि कंपनी म्हणते बेळगावला मागणीच नाही.

खानापूरचा_अण्णा:
ताई, पाचशे-हजारासाठी नाही ओ, वेळेसाठी. जानेवारी २०२३ पासून गोव्याचं नवीन विमानतळ मोपा सुरू झालं, तिकडं दिवसभर विमानं. गोव्याच्या जुन्या दाबोळीचं वेगळं, तिथला रनवे नौदलाचा, सकाळची वेळ त्यांच्या सरावाला जायची, म्हणून सकाळचं विमानच नसायचं. पुण्याला पण तसंच, लोहगाव हवाई दलाचं. आपल्याकडं सांबऱ्यात हवाई दलाचं ट्रेनिंग स्कूल आहे म्हणून लोकांना वाटतं तेच अडवतात, पण तिथं पोरांना जमिनीवरचं शिकवतात, विमानं उडवायला नाही.

बाकी चोर्ल्यातनं पावसात रात्री परत येणं म्हणजे काय ते मला विचारा. जुलैत एकदा साखळीपासून कणकुंबीपर्यंत पुढच्या टँकरच्या लाल दिव्याशिवाय काहीएक दिसलं नाही, अडीच तास. विमान पन्नास मिनिटांचं आणि घाट अडीच तासांचा.

निपाणकर:
रॅम्पवाले दादा, एक कळलं नाही. मुंबईत ४४ जागा आहेत ना तासाला, त्यातली एक बेळगावला द्यायला काय जातंय? रोज एक तर विमान मागतोय आपण.

रॅम्पवाला:
हाच तर खरा प्रश्न आहे. स्लॉट गावाला मिळत नाही, कंपनीला मिळतो. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्याआधी वाटाघाटी. ज्याच्याकडं जुना स्लॉट आहे आणि त्यानं सीझनभर ८० टक्के वेळा वापरला, त्याला पुढच्या वर्षी तोच परत. म्हणजे मुंबईचा सकाळी आठचा स्लॉट हा दादरच्या जुन्या चाळीतल्या पागडीच्या खोलीसारखा, कोण सोडतंय? आणि ज्याच्याकडं आहे त्यानं त्यावर बेळगाव घालायचं का दिल्ली? दिल्लीला १८० सीटांचं विमान भरून जातंय. आपल्याकडं मुंबईचं येतं ते ७६ किंवा ५० सीटांचं. रनवेवर जागा दोघांना सारखीच लागते.

सारखीच पण नाही खरं तर, कधी कधी लहानाला जास्तच लागते. मोठ्या विमानाच्या मागं हवेचा भोवरा राहतो, त्यात लहान विमान लगेच घुसवता येत नाही, जास्त अंतर सोडावं लागतं. पंख्याचं एटीआर असलं तर ते उतरताना हळू, मागच्या जेटला पण हळू करावं लागतं. कंट्रोलरच्या दृष्टीनं गर्दीच्या वेळी एटीआर म्हणजे घाटात पुढं उसाचा ट्रॅक्टर. दोष ट्रॅक्टरचा नाही, पण मागं रांग लागते ती लागतेच.

म्हणून लहान विमानांना दुपारची नाहीतर आडवेळेची जागा मिळते. दुपारी एकला उतरून कुणाचं कोर्ट होणार, कुणाची ओपीडी होणार. मग धंदेवाला बसनं जातो, विमान अर्धं रिकामं, आणि ताई म्हणाल्या तसं मागणी नाही असा शेरा बसतो.

आणि सकाळचं विमान पाहिजे असेल तर ते आदल्या रात्री सांबऱ्यात येऊन झोपलं पाहिजे. त्याला रात्रीचा स्टँड लागतो, क्रूला हॉटेल, पहाटे एटीसी, फायरब्रिगेड, सिक्युरिटी, इंधनाचा टँकर सगळं हजर. एका विमानासाठी हे सगळं उठवायचं म्हणजे लग्न एकाचं आणि आचारी शंभर पानांचा. दोन-तीन विमानं मिळून रात्री थांबली तर परवडतं.

इथं मात्र टर्मिनलचा उपयोग आहे, मघाशी मी जरा एकतर्फी बोललो. टर्मिनलची ताकद वर्षाच्या आकड्यात सांगतात, पण खरी कळते ती गर्दीच्या एका तासात. एका लहान विमानतळावर मी बघितलंय, दिवसभर माशा मारायच्या आणि संध्याकाळी तीन विमानं पाऊण तासात. एक्स-रे मशीन एकच चालू, एका बाईच्या पर्समध्ये कुंद्याचा (आपल्या बेळगावच्या मिठाईचा) डबा, मशीनवाल्याला स्क्रीनवर तो घट्ट गोळा काय आहे कळेना, डबा उघड, वास घे, साहेबाला बोलव. मागं दीडशे माणसं. तेवढ्यात पहिलं विमान उशिरा निघालं, त्याची मुंबईची वेळ चुकली, दुसरं त्याच्यामागं अडकलं. कुंद्यानं दोन विमानं लेट केली राव.

टिळकवाडी_ताई:
कुंद्याला काही बोलायचं नाही! 😄

पण विणकर दादा, तुमच्या कामाचं सांगते. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ चालू झालाय. तिथं आत्ता एकच रनवे आहे पण जुन्या कंपन्यांनी अडवून ठेवलेले स्लॉट नाहीत, सगळं नव्यानं वाटप. बेळगावचं सकाळचं विमान कधी मिळालंच तर मला वाटतं तिकडं मिळेल. लोक म्हणतात लांब पडतं, पण परळवाल्यांना नाही. अटल सेतूवरनं गाडी सरळ शिवडीला उतरते, आणि शिवडी ते परळ म्हणजे आपल्या गोगटे सर्कलपासून आरपीडीला गेल्यासारखं. टोल मात्र चांगलाच आहे.

खानापूरचा_अण्णा:
आणि खासदार-आमदारांना निवेदन देताना "विमान द्या" एवढंच लिहू नका, वेळ लिहा. "सकाळी नऊच्या आत मुंबईत, संध्याकाळी सहानंतर परत" असं. नाहीतर दुपारचं एक विमान देऊन मोकळे होतील आणि वर सत्कार पण करून घेतील.

वडगावचा_विणकर:
सगळ्यांचे आभार. बाबांना वाचून दाखवलं, ट्रॅक्टरचं त्यांना लगेच पटलं.

पुढची तपासणी मंगळवारी सकाळी साडेनऊची आहे. आत्ता तरी दुपारच्या विमानाचा काही उपयोग नाही, आदल्या दिवशी जायचं म्हणजे परत लॉज. म्हणून जाताना रात्रीची स्लीपर, खालचा बर्थ मिळाला तर, आणि येताना विमान असं ठरवलंय, येताना उशीर झाला तरी घरीच यायचंय. ताई, सोमवार रात्रीचा खालचा बर्थ बघता का, आणि बुधवारची परतीची दोन तिकिटं, बाबांना व्हीलचेअर लिहून. खिडकीची सीट त्यांनाच द्या, खाडी मोजायचीय म्हणे.

टिळकवाडी_ताई:
खालचा एकच शिल्लक आहे, शेवटचा, चाकावरचा. चालेल का? लगेच सांगा.